उत्तरेकडचा कोपरा

वाळलेल्या गवताचा वास! जुलैमधल्या एका दुपारी तो असा अवचित अंगावर आला की दफनभूमीच्या गंजक्या फाटकावर हात ठेवून मी क्षणभर तशीच उभी राहिले. उन्हात भाजलेली माती, तिच्यावर करपलेलं तृण आणि त्या दोहोंतून उठणारी किंचित गोडसर, किंचित धुरकट ऊब. वास माझ्या ओळखीचाच होता. पण आयर्लंडमध्ये तो कधी भेटेल असं कुणी म्हणालं असतं तर मी हसले असते. चार वर्षं मी इथे राहत होते आणि या चार वर्षांत या देशानं मला हिरव्या रंगाच्या इतक्या छटा दाखवल्या होत्या की कधी कधी त्या हिरवेपणाचाही शीण येई. दोन हजार अठराच्या त्या उन्हाळ्यात मात्र पावसानं पाठ फिरवली. आठवड्यांमागून आठवडे आभाळ निरभ्र राहिलं, बागेत नळीनं पाणी घालायला बंदी आली आणि जन्मभर पावसाच्या नावानं बोटं मोडत आलेली माणसं काहीशा अपराधी चेहऱ्यानं त्याचीच वाट पाहू लागली. कुरणं आधी फिकट झाली, मग पिवळी आणि शेवटी ज्वारी काढून नेलेल्या रानासारखी उघडी, राखाडी.

ही दफनभूमी आम्ही राहतो त्या नास गावापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर, एका लहानशा खेड्याच्या टोकाला आहे. मधोमध छप्पर गेलेल्या जुन्या चर्चची एकच भिंत उरली आहे. तिला बिलगलेली आयव्हीची वेल, शेजारी दोन काळपट यू वृक्ष आणि त्यांच्या सावलीत कललेले, खचलेले, शेवाळलेले दगड. इथे मी आले ती केवळ रिकामपणातून. नवरा रोज ब्लँचर्डस्टाउनच्या ऑफिसात जायचा, लेक शाळेत. आणि पुण्यात पंधरा वर्षं वाचनालयात काम केलेली मी, दिवसभर घरातली कपाटं लावून दमले होते. नासच्या ग्रंथालयात एक सूचना दिसली : जुन्या थडग्यांवरचे लेख वाचून, लिहून ठेवण्यासाठी मदतनीस हवेत. वाचणं आणि लिहून ठेवणं! मला दुसरं येत तरी काय होतं?

त्या कामाच्या प्रमुख मॉरीनबाई. सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, पायात सदैव गमबूट. त्यांनी मला दगड वाचायला शिकवलं. दगडाला तारेचा ब्रश कधी लावायचा नाही. मऊ कुंचला आणि साधं पाणी, बस्स. झिजलेलं अक्षर समोरून पाहिलं तर दिसत नाही, त्याच्यावर आरशानं कडेकडेनं उजेड पाडावा लागतो. मग काय होतं सांगू? कोऱ्या भासणाऱ्या शिळेवर सावल्यांचे बारीक बांध उभे राहतात, त्या बांधांचं अक्षर होतं, अक्षरांचं नाव होतं आणि दोनशे वर्षांपूर्वीचा कुणी लोहार किंवा कुणाची तरी लाडकी पत्नी तुमच्या डोळ्यांसमोर हळूहळू वर येते. एका दगडावर पाथरवटाचा अंदाज चुकला होता. ओळीच्या शेवटी जागा संपली म्हणून त्यानं आडनावाची शेवटची दोन अक्षरं वर, कोपऱ्यात चिमटून बसवली होती. एका शाळामास्तरांचा दगड त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून उभारलेला. मला तो पाथरवट आणि ते विद्यार्थी एखाद्या राजवंशापेक्षा जवळचे वाटतात.

आमच्या मराठी मंडळींना याचं नवल वाटे. गणपतीच्या बैठकीत एकीनं मला स्पष्टच विचारलं, "शुभा, शनिवार-रविवार तू स्मशानात काय करतेस गं?" मी म्हटलं, "वाचते." हे उत्तर मी थट्टेनं दिलं नव्हतं. वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, लेणी येतात, शिखरं येतात. इथल्यांच्या डोळ्यांपुढे मनोरे आणि सरदारांच्या गढ्या. पण ज्यांनी ते मनोरे बांधले, त्यांच्या भाकरी भाजल्या, त्यांच्या घोड्यांना नाल ठोकले, त्या माणसांची नोंद दुसऱ्या कुठल्या दफ्तरात आहे? साधा माणूस होऊन गेला, त्याला कुणी तरी आपलं म्हटलं, एवढी एकच गोष्ट हे दगड सांगतात. ती सांगणारा दगड पडला तर इतिहासाची एक ओळ कायमची पुसली जाते, आणि पुसली गेल्याचं कुणाला कळतही नाही. याविषयी माझ्या मनात तेव्हाही संशय नव्हता, आताही नाही.

त्या जूनमध्ये बाबा आमच्याकडे आले. एकटेच आले, कारण आई पुण्यात माझ्या भावाकडे वहिनीच्या बाळंतपणात अडकलेली. माझे बाबा माणदेशातले. उभा जन्म मोजणी खात्यात गेलेला. खांद्यावर साखळी टाकून त्यांनी तालुक्यातली शेतं पायाखाली घातली, भांडणाऱ्या भावांच्या मध्ये हद्दीचे दगड रोवले आणि प्रत्येक शेताचं टिपण, म्हणजे मोजमापाचा नकाशा, आपल्या रेखीव हातानं काढला. निवृत्तीनंतर नोकरीची प्रमाण मराठी त्यांनी नोकरीबरोबरच खात्याला परत केली आणि ते पुन्हा गावासारखं बोलू लागले. इथे आल्यावर चार दिवसांत त्यांना घर खायला उठलं. म्हणून मी त्यांना दफनभूमीत नेऊ लागले. ते दगडांवर बोटाच्या पेरांनी टकटक करत हिंडायचे, भिंतीची लांबी पावलांनी मोजायचे आणि मॉरीनबाईंना "मास्तरीणबाई" म्हणायचे. दोघांना एकमेकांचं बोलणं निम्मंही कळत नसे. तरी दोघं तासन् तास बोलत.

या जागेच्या उत्तरेला, आवाराच्या जुन्या भिंतीलगत एक कोपरा मोकळा होता. तिथे एकही दगड नव्हता, नोंदवहीतही काही नव्हतं. गावच्या समितीनं त्या कोपऱ्यात गाड्या उभ्या करायला जागा करायची ठरवली होती, आणि त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. बाहेरचा रस्ता अरुंद आणि वळणाचा. मागच्या हिवाळ्यात एका अंत्यविधीच्या वेळी रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीला ट्रकची धडक बसून एक म्हातारे गृहस्थ थोडक्यात वाचले होते. समितीचे अध्यक्ष टॉम, भिंतीपलीकडच्या शेताचे मालक, गाईगुरं असलेले, सरळ मनाचे शेतकरी. ते म्हणाले होते, "तिथं काही नाही. खडी पसरली की झालं, ग्रँड!" इथली माणसं 'ठीक आहे' या अर्थी ग्रँडच म्हणतात. खडीचा ट्रक पुढच्या सोमवारी यायचा होता.

आणि त्या बुधवारी, फाटकाशी मी तो वास घेत उभी असताना, आतून बाबांची हाक आली.

"शुभे, हिकडं ये. ही जागा मोकळी हाय म्हणून कोण म्हणलं?"

ते उत्तरेच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभे होते. मी जाऊन पाहिलं. मला पिवळ्या गवताखेरीज काही दिसलं नाही.

"उभ्यानं न्हाई दिसायचं. खाली बस. आणि ऊन समोरनं घे."

मी गुडघ्यांवर बसले. आणि मग दिसलं! त्या करपलेल्या पिवळ्या पटावर हिरवे पट्टे होते. फिकट, पण निश्चित हिरवे. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, ओळीनं; ओळीमागे दुसरी ओळ. सारेच आयताकृती. निसर्ग इतका काटेकोर नसतो.

बाबा शांतपणे सांगत होते, "जिथं कुणी खणलं न्हाई तिथं खाली दगडगोटं, ओल टिकत न्हाई, गवत आधी जळतं. एकदा खणून बुजवलेली माती मऊ राहती, शंभर वर्षांनीबी. ती ओल धरती. मी माणदेशातला माणूस, दुष्काळ वाचता येतो मला. तुमच्या हितं पाऊस पडत होता तवर हे झाकून होतं, एवढंच."

मॉरीनबाई लगबगीनं आल्या. मी त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. तोवर बाबांनी खिशातली टेप काढली, एका पट्ट्याशी उकिडवे बसले, लांबी घेतली. पुन्हा घेतली. मग शेजारच्या पट्ट्याची. मग तिसऱ्याची. त्यांचा हात टेपवरच थांबला.

"अडीच फूट," ते म्हणाले. "हे दोन. हे तीनला कमी." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, "ही सगळी लहानी हायत, शुभे."

मला ते इंग्रजीत सांगावं लागलं नाही. मॉरीनबाईंनी टेपेवरचा त्यांचा अंगठा पाहिला होता. त्या हळूच भिंतीच्या पडलेल्या दगडावर बसल्या.

मग त्यांनी जे सांगितलं, ते या देशात अनेक घरांना ठाऊक आहे आणि फार कमी घरांत बोललं गेलं आहे. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच गेलेल्या मुलांना पूर्वी पवित्र केलेल्या भूमीत जागा नसे. अशा मुलांना दफनभूमीच्या पवित्र न केलेल्या कडेला, शेताच्या बांधावर, ओसाड जागेत मूठमाती दिली जाई. मंत्र नाही, दगड नाही, नोंद नाही. मॉरीनबाईंच्या आधी त्यांच्या आईला एक मुलगा झाला होता. काही तासांचाच. पहाटे वडिलांनी एक लहानसं लाकडी खोकं सायकलला बांधलं आणि ते एकटेच कुठे तरी गेले. परत आले, गाईंच्या धारा काढल्या. आईनं शेवटपर्यंत विचारलं नाही, त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. "मी इथले दगड वीस वर्षं वाचतेय," मॉरीनबाई म्हणाल्या, "लोकांना वाटतं, मला इतिहासाची आवड आहे."

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. ते चालत जाऊन यूच्या सावलीत, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

परतताना गाडीत, अर्ध्या वाटेवर, ते एकदम म्हणाले, "तुझ्या आधी एक होती."

मी गाडी बाजूला घेतली. दोन्हीकडे पिवळी शेतं, एक गाय कुंपणावरून आमच्याकडे पाहणारी.

"नऊ दिवसांची होती. बारसं व्हायचं होतं अजून. एवढ्या लहानाला अग्नी देत न्हाईत. तुझा काका आणि मी, आम्ही दोघांनी ओढ्याच्या काठाला नेऊन पुरली. वर काटेरी फांद्या टाकल्या, कुत्री-कोल्ही येऊ न्हाईत म्हणून. तुझ्या आईनं कधी इचारलं न्हाई." त्यांनी काच खाली केली. "सगळ्या तालुक्याच्या हद्दी मी दगड लावून पक्क्या केल्या. तिच्यापाशी एक दगड न्हाई लावला. लावत न्हाईत म्हणून. आता ओढाबी तसा राहिला न्हाई."

बेचाळीस वर्षांची मी. स्वतःला थोरली समजत आलेली. मला एक बहीण होती, हे मला आयर्लंडमधल्या एका रस्त्याच्या कडेला, इंजिन बंद करून, कळलं. मी बाबांचा हात धरला. तो हात लहानपणानंतर मी बहुधा प्रथमच धरत होते.

आपण माणसाला अग्नीच्या आणि पाण्याच्या स्वाधीन करतो, मागे जागा ठेवत नाही, याचा मला नेहमी अभिमान वाटे. किती मोकळं, किती निःसंग! पण या निःसंगतेतूनही काही जीव वगळले गेले होते. इथे बाप्तिस्मा झाला नव्हता, तिथे बारसं झालं नव्हतं. दोन्हीकडे नाव नसलेल्या देहाला नावाची जागा मिळाली नाही. दोन दूरचे धर्म, दोन दूरचे मुलूख, आणि दोन बाप, एक सायकलवर, एक पायी, सारख्याच रिकाम्या हातांनी घरी परतलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्याआधी तयार होते. "हवामानात काय सांगतायत?" त्यांनी विचारलं. शनिवारी पाऊस सांगितला होता. ज्या पावसासाठी सारा देश डोळे लावून बसला होता, तो आम्हाला आता दोन दिवस तरी नको होता. कारण तो आला की गवत सगळीकडे सारखंच हिरवं होणार आणि सोमवारी त्या हिरव्यावर खडी पडणार.

गुरुवार आणि शुक्रवार बाबांनी मोजणी केली. साखळी नव्हती, म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या. खुंट्या म्हणून बागेतल्या रोपांना लावायच्या बांबूच्या काड्या. मी टेपेचं एक टोक धरत होते, मॉरीनबाई आकडे लिहीत होत्या आणि बाबा भिंतीच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून प्रत्येक पट्ट्याचं अंतर घेत होते. त्यांचं कंबरेचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे! फोटोही आम्ही काढले. पण फोटोत रंग दिसतो, जागा सापडत नाही, असं बाबांचं म्हणणं. शुक्रवारी सायंकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी टिपण पूर्ण केलं. बत्तीस आयत. उत्तर दाखवणारा बाण. खाली, सवयीनं, देवनागरीत सही.

शनिवारी सकाळी समिती जागेवर जमली. टॉम, गावच्या चर्चचे तरुण फादर आणि आणखी दोघं-तिघं. ढग भरून आले होते. मॉरीनबाईंनी टिपण टॉमच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "खाली बसून बघ, टॉम." सहा फुटी टॉम गुडघ्यांवर बसले. टिपण आणि गवत आलटून पालटून पाहू लागले.

"माझे आजोबा आमच्या बाजूनं या भिंतीलगत नांगर घालू द्यायचे नाहीत," ते शेवटी म्हणाले. "कारण विचारलं तर रागवायचे. मला वाटायचं, भिंत पडेल म्हणून."

टॉम उठले, गुडघे झटकले आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिकडची माझी पट्टी घ्या गाड्यांना. गुरांना काही फरक पडत नाही." मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच उभ्यानं ट्रकवाल्याला नको म्हणून सांगितलं. बाबांना मी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्यांनी पुढे होऊन टॉमचा हात दोन्ही हातांत घेतला. "पक्की हद्द झाली," ते मराठीत म्हणाले. टॉमना ते कळलं असावं, कारण ते म्हणाले, "ग्रँड," पण या वेळी फार हळू.

पाऊस दुपारी आला. पुढच्या आठवड्यात कौंटीच्या वारसा विभागातल्या एक बाई येऊन गेल्या. त्यांनी टिपण पाहिलं, त्याची प्रत आपल्या दफ्तरात घेतली आणि त्या कोपऱ्यात यापुढे कुदळ लावायची नाही, असं लेखी कळवलं. ऑगस्टमध्ये, वर्षातून एकदा गावकरी आपापल्या माणसांची थडगी साफ करून प्रार्थनेला जमतात त्या रविवारी, तरुण फादर उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि जिथे आजवर कुणी पाणी शिंपडलं नव्हतं तिथे त्यांनी पवित्र जल शिंपडलं. तोवर गवत पूर्ववत झालं होतं, काहीही दिसत नव्हतं. तरी गर्दीतून एकेक म्हातारी पुढे येऊ लागली. कुणाच्या हातात फूल, कुणाचे नुसते जोडलेले हात. इतकी वर्षं शेजारी राहिलेल्या बायका एकमेकींकडे चकित होऊन पाहत होत्या : तुझंही? मॉरीनबाईंनी बागेतली फुलं आणली होती. "यातला कुठला तुमचा असेल?" असं मी विचारलं आणि विचारल्याची लाज वाटली. त्या म्हणाल्या, "आज तरी सगळेच माझे."

मला वाटतं, वारसा जपणं म्हणजे याहून वेगळं काही नसावं. दगड असेल तिथे दगड सावरायचा. नसेल तिथे जमीन वाचायची. आणि जे कळलं ते अशा ठिकाणी लिहून ठेवायचं की पुढच्या कुणालाही ते सापडावं. आज त्या कोपऱ्यात काहीच उभारलेलं नाही, समितीनं विचारपूर्वक ते मोकळंच ठेवलं आहे. पण आता ते मोकळेपण रिकामं नाही.

बाबा सप्टेंबरात परत गेले. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी गावाहून त्यांचा फोन आला. नातवाला पुण्यात सोडून आईसुद्धा गावी आली होती, आणि बाबांनी, लग्नाला अर्धं शतक होत आलं असताना, तिच्याजवळ तो विषय काढला होता. दोघं मिळून ओढ्यावर गेली होती. मधल्या काळात तिथे बंधारा झाला, ओढा वळला, काठ खचला. बाबांना जागा सापडेना. ते इकडून तिकडे पावलं टाकत राहिले, खुणा आठवत राहिले. आई थोडा वेळ बघत उभी राहिली. मग ती सरळ चालत गेली, एका करंजाखाली थांबली आणि म्हणाली, "हितं."

"तिला ठावं होतं गं!" बाबा फोनवर म्हणाले. "पहिल्यापासनं. नंतर महिन्याभरानं धुणं धुवायला गेली तवा तिनं त्या काटेरी फांद्या बघितल्या. तवापासनं जाता-येता थांबायची. मला एका शब्दानं बोलली न्हाई."

मागून आईचा आवाज आला, "द्या इकडं." फोन तिच्या हातात गेला. आई नेहमीसारखीच शांत होती, हवापाण्याची चौकशी करावी तशी.

"शुभे, तिचं नाव ठेवलेलं होतं मी," ती म्हणाली. "मनातल्या मनात. इंदू."

"इंदू?" पलीकडून बाबांनी विचारलं. ते नाव तेही पहिल्यांदाच ऐकत होते. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून मी ते नाव एकदा मोठ्यानं उच्चारून पाहिलं. नुसतं नाव कसं घेतेय मी, हे मागाहून लक्षात आलं. ती माझ्याहून मोठी. मग मी पुन्हा एकदा म्हटलं, इंदूताई.